वटवाघूळ, गोकर्ण आणि आठ मुद्दे

"सर, तिसरा प्रश्न बरोबर आहे का, असं एक मुलगी विचारतेय," पी.टी.चे सर स्टाफरूमच्या दारात उभं राहून म्हणाले, तेव्हा विज्ञानाच्या सरांनी नुकतंच बिस्कीट चहात बुडवलं होतं. वार्षिक परीक्षेचा विज्ञानाचा पेपर सुरू होऊन वीस मिनिटं झाली होती. पेपर याच सरांनी काढलेला, आणि तोही एकट्या या शाळेसाठी नाही. संस्थेच्या पाचही शाळांतली नववीची नऊशे मुलं त्या वेळी माना खाली घालून तोच पेपर सोडवत होती.

"कोण मुलगी?"

"दुसऱ्या बाकावरची. चष्मेवाली."

"तिला म्हणावं, प्रश्न वाचता येत नसेल तर नववीपर्यंत आलीस कशी?"

"मी पण वाचला, सर. मलाही नीट कळला नाही. म्हणून तर आलो."

विज्ञानाच्या सरांना सगळी शाळा 'मुद्देसूद' म्हणायची. मुलं पाठीमागे म्हणायची, शिक्षक तोंडावर म्हणायचे, आणि गृहस्थांना दोन्हीचा अभिमान होता. बावीस वर्षं त्यांनी विज्ञान म्हणून एकच गोष्ट शिकवली होती, ती म्हणजे उत्तर मुद्देसूद लिहा. मधे रेघ मारा, डावीकडे एक, उजवीकडे दुसरं, आणि अर्ध्या गुणाला एक मुद्दा. उत्तर खरं आहे का, हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता आणि त्यांनीही तो स्वतःला विचारून उगाच त्रास करून घेतला नव्हता.

त्यांनी पेपर हातात घेतला. प्रश्न तीन, उपप्रश्न ब. फरक स्पष्ट करा, कोणताही एक, गुण चार. आणि खाली, कोणताही एक निवडायला, एकच जोडी छापलेली होती: पर्णनासिक वटवाघूळ व गोकर्ण.

पर्णनासिक वटवाघूळ म्हणजे ज्याच्या नाकावर पानासारखी कातडीची घडी असते ते वटवाघूळ. गोकर्ण म्हणजे कुंपणावर चढणारा, निळी फुलं आणि चपट्या शेंगा येणारा वेल. या दोघांमधला फरक ज्याला स्पष्ट करून सांगावा लागतो, त्याला खरं तर शाळेत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं. पण हे झालं तुमचं आमचं मत.

मुद्देसूदांना काय घडलं ते लगेच कळलं. याचं कारण त्यांची पेपर काढायची पद्धत. अकरा वर्षांत त्यांनी एकही नवा प्रश्न तयार केला नव्हता. जुने पेपर कात्रीने कापून त्यांच्या पट्ट्या ते एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवत. दरवर्षी डबा हलवायचा, मूठभर पट्ट्या काढायच्या, कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायच्या आणि छापायला द्यायचं. यंदा दोन जोड्या होत्या. पर्णनासिक वटवाघूळ व फलाहारी वटवाघूळ ही पहिली, आणि घेवडा व गोकर्ण ही दुसरी. दुसरी पट्टी जुनी होती, मधोमध तुटली. त्यातला गोकर्णाचा तुकडा डिंकावरून घसरत वर गेला आणि फलाहारी वटवाघळावर जाऊन बसला. 'घेवडा व' एवढा तुकडा कुठे गेला ते देवाला ठाऊक. पेपर तपासताना मुद्देसूदांनी शाळेचं नाव, वेळ आणि एकूण गुण एवढं बारकाईने पाहिलं होतं.

आता यात एवढं घाबरण्यासारखं काय होतं? काहीच नाही. "प्रश्न चुकला, रद्द करा, सगळ्यांना चार गुण द्या," एवढं म्हणायला दहा सेकंद पुरतात. पण महिन्यापूर्वी पी.टी.च्या सरांच्या लेखी पेपरात 'फुटबॉलच्या संघात बारा खेळाडू असतात, सकारण लिहा' असा प्रश्न आला होता. पी.टी.च्या सरांनी वर्गावर्गात जाऊन, पोरांनो चुकलं माझं, म्हणून सांगितलं आणि सगळ्यांना गुण देऊन टाकले. पोरं दोन दिवस हसली. मुद्देसूद मात्र हसले नाहीत. त्यांनी संस्थेला पत्र लिहिलं. त्यात एक वाक्य होतं: 'ज्यांना एक पान नीट तपासता येत नाही, त्यांच्या हाती शाळा सोपवणे धोक्याचे ठरेल.'

कारण शाळा खरोखरच कुणाच्या तरी हाती सोपवायची होती. मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, उन्हाळ्यात निवृत्त होणार होत्या. ज्येष्ठतेने दोघंच उरत होते, मुद्देसूद आणि पी.टी.चे सर. दोघांपैकी संस्थेच्या पात्रता परीक्षेत ज्याला जास्त गुण त्याला खुर्ची, असं ठरलं होतं. ती खुर्ची गोल फिरणारी होती. बाई रजेवर असताना मुद्देसूद दोनदा तिच्यात बसून आले होते. बावीस वर्षं त्यांचं टेबल पाण्याच्या टाकीला लागून होतं. येणारा जाणारा प्रत्येक जण ग्लास विसळून त्यांच्या वह्यांवर शिंतोडे उडवून जाई. त्यांचा साडू बँकेत साहेब होता, त्याला स्वतंत्र खोली होती, दारावर नावाची पाटी होती, आणि प्रत्येक लग्नात तो त्या पाटीबद्दल बोलायचा. यंदा दिवाणखान्यात बसून मुद्देसूदांनी साडूला सांगून टाकलं होतं की जूनपासून माझ्याही दारावर पाटी. माणसाला काहीतरी मनापासून हवं असतं, तसं त्यांना ते हवं होतं. त्यात वाईट काही नव्हतं. वाईट होतं ते पत्र.

"प्रश्न बरोबर आहे," मुद्देसूद म्हणाले.

"बरोबर आहे?"

"विचारप्रवण प्रश्न आहे. मुलांनी विचार करावा अशी अपेक्षा आहे. त्या मुलीला सांगा, जरा विचार कर."

पी.टी.च्या सरांनी पेपर परत घेतला, एकदा पुन्हा वाचला, मान हलवली आणि गेले. मुद्देसूदांनी चहात पाहिलं तर बिस्कीट विरघळून तळाला गेलं होतं.

आणि मुलांनी काय केलं म्हणता? मुलांनी उत्तर लिहिलं. नऊशेपैकी आठशे नव्व्याण्णव मुलांनी पट्टीने मधे रेघ मारली आणि लिहायला बसली. शाळेने त्यांना नऊ वर्षं एवढं पक्कं शिकवलं होतं की कागदावर छापून आलं म्हणजे त्याला उत्तर असतंच. एकाने लिहिलं, वटवाघूळ संध्याकाळी बाहेर जाते, गोकर्ण घरीच असतो. एकाने लिहिलं, वटवाघळाला भीती वाटते, गोकर्णाची भीती वाटत नाही. एका हुशार मुलाने दोन्हींच्या आकृत्या काढून नावं दिली होती, त्यात कुठली कशाची आहे ते नावं वाचल्यावर कळत होतं.

दुसऱ्या दिवशी बाकीच्या चार शाळांतून निरोप आले, की उत्तरपत्रिका तपासायच्या आहेत, या प्रश्नाचं आदर्श उत्तर पाठवा. चार गुणांना आठ मुद्दे, हा नियम मुद्देसूदांनीच पाचही शाळांना घालून दिला होता. रविवारी दुपारी ते जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसले. मधे रेघ मारली. अर्धा तास झाला तरी रेघेच्या दोन्ही बाजू कोऱ्याच होत्या.

त्यांची बायको नर्स होती. सकाळची ड्युटी करून ती घरी आली, तिने कपडे धुवायला काढले, आणि शर्टाच्या कोपराला चिकटलेला कागदाचा एक तुकडा सोलून काढला.

"अहो, हे काय 'घेवडा व' म्हणून?"

मुद्देसूदांनी तुकडा पाहिला आणि सगळं सांगितलं. बायकोपुढे लपवून उपयोग नसतो एवढं त्यांना बावीस वर्षांत कळलं होतं.

"मग चुकलं म्हणून सांगा ना."

"अगं, कसं सांगू? ते पत्र लिहून बसलोय."

"मला विचारून लिहिलं होतंत?"

"आता ते राहू दे. मुद्दे सुचव."

बायकोने तुकडा फ्रिजच्या दारावर लोहचुंबकाखाली अडकवला आणि खुर्ची ओढून बसली. तिला त्यांच्यावर राग नव्हता. रोज चाळीस पेशंटांची तीच तीच रडगाणी ऐकून तिला कुणाचंच नवल वाटेनासं झालं होतं.

"एक प्राणी, एक वनस्पती," ती म्हणाली.

"एक झाला."

"एक उडतं, एक उडत नाही."

"दोन."

"पानं?"

मुद्देसूदांनी मान वर केली. "पानं छान आहे. वटवाघूळ, पान एक, नाकावर. गोकर्ण, पाने अनेक, देठावर." आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं, म्हणजे बघा. या माणसाला नऊशे मुलांचं भवितव्य तपासायचं होतं.

मग फुलं निघाली, ती एकाला येतात आणि एकाला येत नाहीत. संतती निघाली, एकाला पिल्लू आणि एकाला शेंग. अन्न निघालं, एक किडे खातं, दुसरं उन्हात उभं राहून स्वतःचं स्वतः करतं. मुळं निघाली. सात झाले आणि गाडी अडली.

"आवाज," बायको म्हणाली.

"म्हणजे?"

"वटवाघूळ आवाज करतं. गोकर्ण करत नाही. निदान आपल्या बाल्कनीतला तरी करत नाही, मी पाच वर्षं पाणी घालतेय."

"आठ झाले," मुद्देसूद म्हणाले आणि खाली दुहेरी रेघ मारली.

"खरं सांगू का," बायको उठता उठता म्हणाली, "मला तर त्या दोघांत एक गोष्ट सारखी वाटते. वटवाघूळ उलटं लटकतं ना? गोकर्णाचं फूलही उलटंच असतं. घेवड्याच्या फुलात मोठी पाकळी वर असते, याच्यात ती खाली. बघा बाल्कनीत जाऊन."

मुद्देसूद बाल्कनीत जाऊन आले. खरंच होतं. विज्ञान शिकवून बावीस वर्षं झाली होती आणि ते फूल त्यांनी पहिल्यांदा पाहिलं होतं.

"पण प्रश्न फरकाचा आहे," ते म्हणाले. "यात साम्य कसं घालू?"

आणि त्यांनी ते घातलं नाही. उलट आदर्श उत्तराच्या खाली, कुणी काही शंका काढू नये म्हणून, परीक्षकांसाठी एक सूचना लिहिली: 'उत्तर वरील आठ मुद्द्यांनुसारच असावे. स्वतःच्या मनाने लिहिलेल्या मुद्द्यांना गुण देऊ नयेत.' खाली सही केली, तारीख टाकली.

चष्मेवालीचा पेपर त्यांच्याच गठ्ठ्यात होता. तिने रेघ मारली नव्हती. तिने लिहिलं होतं: 'या दोघांत सगळाच फरक आहे, त्यामुळे तो लिहून काही कळत नाही. एक गोष्ट मात्र सारखी आहे. वटवाघूळ उलटे लटकते आणि गोकर्णाचे फूलही उलटे असते. आमच्या कुंपणावर वेल आहे, मी पाहिले आहे.' मुद्देसूदांनी हे दोनदा वाचलं. त्यांना मनातून चांगलंच माहीत होतं की नऊशे उत्तरांत पाहून लिहिलेलं उत्तर हे एकच आहे. त्यांनी लाल पेनने समासात लिहिलं, 'विषयाला सोडून', आणि गोल काढून त्यात शून्य घातलं.

इथे प्रकरण मिटायला हरकत नव्हती. पण दुसऱ्या एका शाळेतल्या कुणाच्या तरी वडिलांनी संस्थेला विचारलं की हा प्रश्न म्हणजे काय चावटपणा आहे. संस्थेच्या सचिवांनी मुद्देसूदांकडे खुलासा मागितला. मुद्देसूदांनी तीन पानी खुलासा दिला. त्यात विचारप्रवण हा शब्द चौदा वेळा होता. सचिवांचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना होता, तीन पानं वाचायला त्यांना वेळ कुठला. पण तीन पानं आहेत हे त्यांनी पाहिलं आणि माणूस विद्वान आहे असं त्यांचं मत झालं. त्यांनी पाचही शाळांना परिपत्रक काढलं की यापुढे प्रत्येक विषयाच्या पेपरात असा एक विचारप्रवण प्रश्न असलाच पाहिजे.

मग स्टाफरूममध्ये जो काही गोंधळ सुरू झाला तो विचारू नका. गणिताच्या बाई त्रिकोण आणि कांदा घेऊन बसल्या. इतिहासाच्या सरांना तह आणि छत्री मिळाली. भाषेच्या बाईंनी स्वल्पविराम आणि जिना यांच्यातले सहा मुद्दे काढले आणि सातव्याला रडकुंडीला आल्या.

"मुद्देसूद, तुमच्यामुळे हे," गणिताच्या बाई म्हणाल्या.

"विचार करायची सवय नसली की जड जातं, बाई."

पी.टी.चे सर कोपऱ्यात शिट्टी पुसत होते. "मी काय करू हो?" त्यांनी विचारलं. "मला दोरीवरच्या उड्या आणि भूगोल असं सुचलंय. चालेल का?"

"चालेल," मुद्देसूद मोठ्या मनाने म्हणाले. त्यांना आता त्या माणसाची कीव येऊ लागली होती.

सुट्टीत संस्थेने पाच शाळांच्या शिक्षकांसाठी कार्यशाळा ठेवली. विषय, फरक स्पष्ट करण्यातील नवी दिशा. वक्ते, मुद्देसूद. वेळ एक तास. आठ मुद्दे पंधरा मिनिटांत संपले. समोर शंभर शिक्षक जांभया दाबत बसलेले, सचिव पहिल्या रांगेत, आणि घड्याळात पंचेचाळीस मिनिटं शिल्लक. माणूस अशा वेळी काय करतो? जे हाताशी असेल ते काढतो.

"आणि आता," मुद्देसूद म्हणाले, "माझ्या निरीक्षणातून आलेला नववा मुद्दा."

त्यांनी फळ्यावर वटवाघूळ काढलं, उलटं. शेजारी गोकर्णाचं फूल काढलं, उलटं. मग पंचेचाळीस मिनिटं ते उलटेपणावर बोलले. आपण बाल्कनीत तासन्‌तास उभं राहून हे फूल कसं पाहिलं, फरकाच्या पोटात साम्य कसं दडलेलं असतं, ते सगळं सांगितलं. टाळ्या पडल्या. सचिवांनी पाठ थोपटली. पी.टी.च्या सरांनी तर शेवटी येऊन विचारलं, "सर, तेवढे पहिले आठ मुद्दे मला लिहून द्याल का? नववा काय माझ्या डोक्यात शिरणार नाही." मुद्देसूदांनी आदर्श उत्तराची प्रत काढून दिली. देताना वर आशीर्वाद दिल्यासारखं हसलेही.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "तुमचे साडू फोनवर सांगत होते. तुम्ही म्हणे काही शोध लावलाय."

"हं. म्हणजे निरीक्षण आहे एक."

"बाल्कनीतलं?"

मुद्देसूदांनी वर्तमानपत्र उघडलं. ती गोकर्णाला पाणी घालायला गेली.

मे महिन्यात पात्रता परीक्षा झाली. पेपर सचिवांनी काढायचा होता. सचिवांना पाइप सोडून दुसरं काही काढायची सवय नव्हती. शाळेचं प्रशासन आणि नियम यांवरचे प्रश्न त्यांनी मागच्या वेळचेच ठेवले, आणि वीस गुणांचा एक अनिवार्य प्रश्न स्वतः घातला: फरक स्पष्ट करा, पर्णनासिक वटवाघूळ व गोकर्ण.

पेपर हातात पडल्यावर मुद्देसूदांना खुर्ची दिसली, गोल फिरताना दिसली. दारावरची पाटी दिसली, पाटीकडे बघणारा साडू दिसला. शेजारच्या बाकावर पी.टी.चे सर ओठ हलवत होते. कवायतीचे आकडे पाठ करावेत तसे त्यांनी आठ मुद्दे पाठ केले होते, एक प्राणी, दोन उडणे, तीन पान. त्यांनी रेघ मारली, आठ ओळी लिहिल्या आणि पुढच्या प्रश्नाकडे वळले.

मुद्देसूदांनी रेघ मारली नाही. आठ मुद्दे ते कशाला लिहितील? ते पोरासोरांसाठी होते. त्यांनी चार पुरवण्या घेतल्या आणि नववा मुद्दा लिहिला. उलटेपणा, त्याचं निरीक्षण, बाल्कनी, फरकाच्या पोटातलं साम्य, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक खरी गोष्ट मन लावून लिहिली, आणि अक्षरही सुंदर आलं.

निकाल लागला. पी.टी.च्या सरांना वटवाघळात वीसपैकी वीस. मुद्देसूदांना शून्य. बाकीच्या प्रश्नांत ते सतरा गुणांनी पुढे होते, त्यामुळे एकूण तीन गुणांनी खुर्ची गेली. मुद्देसूदांनी उत्तरपत्रिका बघायला मागितली. बाहेरगावच्या कुणा परीक्षकाने समासात लाल पेनने लिहिलं होतं, 'विषयाला सोडून', आणि शेजारी सूचनेचा आधार दिला होता: स्वतःच्या मनाने लिहिलेल्या मुद्द्यांना गुण देऊ नयेत. त्या सूचनेखालची सही कुणाची आहे हे मुद्देसूदांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्यांचा चेहरा उतरला. खरंच उतरला, त्यात हसण्यासारखं काही नाही. दोन रात्री ते नीट झोपले नाहीत, जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी फेरतपासणीचा अर्ज केला.

आठवड्याने ते स्टाफरूममध्ये चहा घेत बसले होते. पी.टी.चे सर पाकीट घेऊन दारात आले.

"सर, संस्थेतून आलंय. शिपाई रजेवर आहे म्हणून मीच आणलं."

मुद्देसूदांनी पाकीट फोडलं. आत त्यांची स्वतःचीच उत्तरपत्रिका होती, वरचं नाव झाकलेलं, क्रमांक दोन. सोबत सचिवांची चिठ्ठी: 'पर्णनासिक वटवाघूळ व गोकर्ण या विषयाचे संस्थेतील एकमेव तज्ज्ञ आपणच असल्याने फेरतपासणीसाठी पाठवत आहोत. गुण वाढवणे योग्य वाटल्यास, आदर्श उत्तर चुकीचे होते असे कृपया लेखी द्यावे. अन्यथा गुण योग्य असल्याचे लिहून सही करावी.'

पी.टी.च्या सरांनी खांद्यावरून चिठ्ठी वाचली, त्यांना सगळं कळत होतं. शंभर शिक्षकांत क्रमांक दोनचं अक्षर ओळखणार नाही असा कुणी नव्हता.

"सर, लिहून टाका ना चुकलं म्हणून," ते हळूच म्हणाले. "खुर्ची तुम्हालाच मिळेल, मिळू दे. मला कुठे फायली कळतात. चुकलं म्हटलं की काही होत नाही हो. पोरं दोन दिवस हसतात, तिसऱ्या दिवशी विसरतात."

मुद्देसूदांनी पेन उघडलं. चुकलं म्हणायचं, म्हणजे आदर्श उत्तर चुकलं. आदर्श उत्तर चुकलं म्हणजे प्रश्नाकडे बोट जाणार. मग नऊशे पेपर पुन्हा निघणार, चष्मेवालीला चार गुण मिळणार, तिने काय लिहिलं होतं ते सगळ्यांना वाचायला मिळणार. मग परिपत्रक, कार्यशाळा, नववा मुद्दा, आणि सगळ्यांत शेवटी ते पत्र. एका बाजूला गोल फिरणारी खुर्ची होती. मधे रेघ होती.

"प्रश्न बरोबर होता," मुद्देसूद म्हणाले.

"अहो पण..."

"आदर्श उत्तरही बरोबर होतं."

त्यांनी लिहिलं, 'दिलेले गुण योग्य आहेत. उत्तर मुद्देसूद नाही.' सही केली, तारीख टाकली आणि पाकीट नव्या मुख्याध्यापकांच्या हातात दिलं. पी.टी.च्या सरांनी टाकीवरचा विसळलेला ग्लास बाजूला सरकवला, वह्यांवरचं पाणी रुमालाने टिपलं आणि गेले. चहातलं बिस्कीट बुडालं होतं.

घरी बायको दारातच उभी होती. तिने चेहरा पाहिला आणि काय झालं ते ओळखलं.

"नाही ना म्हणालात, चुकलं म्हणून?"

"नाही."

"साडूंना काय सांगायचं?"

"सांग, मीच नाही घेतली."

हे मात्र अगदी खरं होतं, फक्त कुणी विश्वास ठेवण्यासारखं नव्हतं. बायकोने ताट वाढलं. त्यांच्या खांद्यावर क्षणभर हात ठेवला, मग फ्रिजकडे गेली आणि लोहचुंबकाखालचा तो तुकडा काढून त्यांच्या ताटाशेजारी ठेवला.

"हा घ्या तुमचा घेवडा. डब्यात टाका, नाहीतर हरवायचा. तिकडे दुसरं एक वटवाघूळ उरलंय ना डिंकाखाली, फळं खाणारं? दोघंही बिचारे एकेकटेच राहिलेत."

ती टोमणा मारत होती, हे दारावरच्या बेललासुद्धा कळलं असतं. मुद्देसूदांनी घास तसाच हातात ठेवून तुकडा उचलला. उजेडात धरून मागून पुढून पाहिला. बराच वेळ पाहिला.

"आठ निघतील का गं?" त्यांनी विचारलं.